तेलिणीचं कोरडं डोकं

तेल्याच्या बायकोनं डोक्याला तेल लावायचं सोडलं, तेव्हा आमच्या गावाला हसायला कारण मिळालं. गावाला काय, कारणच लागतं. मी माणिकबाईला पाहिलेलं नाही. पण जिच्यापायी तिनं हे केलं, त्या मनकर्णेच्या घरात मी नातसून म्हणून आले आणि सगळं तिच्याच तोंडून ऐकलं. तेव्हा मध्ये कुणी शहाणपणा करू नये.

दर्यापूरच्या अलीकडचं हे काळ्या मातीचं गाव. साता समुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि आमच्या कापसाला असा भाव आला की पैसा कुठे उडवावा ते लोकांना सुचेना. अकोल्याला आगगाडी येऊ लागली होती. तिच्याबरोबर नाना तऱ्हेच्या वस्तू आल्या. गोदाबाईनं, म्हणजे मनकर्णेच्या सासूनं, तिथून वासाचं तेल मागवलं. नव्या सुनेच्या डोक्यावर ती ते रोज असं ओतायची की पदर मागून ओला व्हायचा. विहिरीवरच्या बायांना दिसायला नको का? बाई मनानं वाईट नव्हती, हेही सांगून ठेवते.

त्या तेलात मनकर्णेच्या डोक्याची पार वाट लागली. कोंडा झाला, आणि तोही साधासुधा नाही. पापुद्रे सुटायचे, भुवयांत आणि कानामागे पिवळट खपल्या धरायच्या, खाज अशी की सकाळी नखं लाल दिसायची. नवी सून, सांगणार कुणाला? तिनं युक्ती काढली. घरात गडीमाणसं असताना ती स्वतः कापूस वेचायला जाऊ लागली. वेचणीहून परतणाऱ्या बाईच्या केसांत पांढरं असतंच, त्यात हिचंही खपून गेलं. सून कामाची आहे म्हणून गोदाबाई चार घरी कौतुक करत फिरायची.

पुढे वेचणी संपली. साऱ्या बायांची डोकी काळी झाली आणि हिचं पांढरंच राहिलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला न्यायची म्हणून सासू वेणी घालायला बसली, तर फणीबरोबर पापुद्रे मांडीवर पडले.  गोदाबाईनं आणखी तेल ओतलं. मग लिंबू चोळलं, राख लावली, कांद्याचा रस लावला, जो जे सांगेल ते केलं. डोकं चिघळलं. शेवटी कुण्या मेलीनं तो शब्द काढला, महारोग. झालं. मनकर्णेचं अंथरूण गोठ्याशेजारच्या खोलीत गेलं. पाडव्यापर्यंत बरी झाली तर ठीक, नाहीतर माहेरी कायमची पोचवायची आणि जानरावाला दुसरी करायची, असं ठरलं. जानराव म्हणजे तिचा नवरा. माझा आजेसासरा होता तरी बोलते, त्या दिवसांत तो घरातला नुसता खांब होता.

अशात माणिकबाई गुरांसाठी ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, घेऊन आली. तिच्या नवऱ्याचा, चंद्रभानचा, गावात घाणा होता. घाण्यावर तेलाला येणाऱ्या बाया आपली आणि लेकरांची डोकी तिच्यापुढे धरायच्या, त्यामुळे तिच्या हाताखालून सारं गाव गेलेलं. गोठ्याजवळ पोरगी तोंड लपवून बसलेली पाहिली, तशी तिनं ढेपेची टोपली खाली ठेवली. हाताला धरून तिला उन्हात आणलं, केसांचे भाग पाडून पाहिले, भुवया पाहिल्या. जिला घरात कुणी शिवत नव्हतं, तिचं डोकं तिनं मांडीवर घेतलं. मग बाभळीचा काटा घेऊन टाळूला हळूच टोचला. मनकर्णा कळवळली, तर माणिकबाईला कोण आनंद झाला. महारोगाच्या डागाला टोचलेलं कळत नाही, हिला तर चांगलं झोंबलं, असं तिनं गोदाबाईला बजावलं. हा कोंडा आहे, माजलेला कोंडा. आणि मग म्हणाली, “हिचं तेल बंद करा, गोदाबाई. थेंबभर बी नाई. तुमी त्या कोंड्याले खुराक देऊन राहिल्या.”

तेलिणीनं तेल बंद करा म्हणावं! बाकी सारं गोदाबाईनं ऐकून घेतलं. कडुलिंबाचा पाला उकळून त्याचं पाणी गार करायचं. मेथ्या भिजवून आंबट ताकात वाटायच्या, तो लेप घडीभर टाळूला ठेवायचा, मग रिठ्याच्या फेसानं धुऊन शेवटी ते कडुलिंबाचं पाणी ओतायचं. नखं कापायची, खपली ओढायची नाही, फणी वेगळी ठेवून उकळत्या पाण्यातून काढायची. हे सगळं ठीक होतं. पण सवाशिणीचं डोकं कोरडं? कोरड्या केसांची बाई म्हणजे घरात सुतक, नाहीतर कपाळ पांढरं. माझ्या पोराच्या जिवावर उठलीस का, असं गोदाबाईनं विचारलं. मनकर्णासुद्धा रडायला लागली. डोकं गेलं तरी चालेल, पण नवऱ्याला काही व्हायला नको, असं तिचं म्हणणं.

 तेव्हा माणिकबाईनं सांगितलं, “मंग मी बी लावत नाई. हिचं डोकं बरं होयेपर्यंत माह्यं बी कोरडं. काही वंगाळ यायचं असंन, तर पयले माह्या घरी येईन.”

गोदाबाईनं तेल बंद केलं. आणि घरी जाऊन माणिकबाईनं चंद्रभानला सांगितलं, तर तो म्हणे खूप हसला. तेल लावायला गाव पडलं आहे, एक डोकं कमी झाल्यानं घाणा थांबत नाही, म्हणाला. बाई तर बाई, नवराही तसाच मिळाला होता.

माणिकबाई रोज येऊन स्वतः डोकं पाही, दिवसाआड स्वतः धुऊन देई. आधी खाज गेली. मग जखमा सुकल्या. खपल्या आपोआप सुटू लागल्या. गावातल्या बाया माणिकबाईच्या भुरभुरणाऱ्या केसांकडे बघून तोंडाला पदर लावत होत्या, पण तिनं कुणाला जुमानलं नाही.

आणि फाल्गुनात चंद्रभान तापानं पडला.

ताप उतरेना, माणूस ओळखेना. गावाला वाचा फुटली. घे, लाव आता कोरडं डोकं, म्हणाले. एका दुपारी माणिकबाईची नणंद तेलाची वाटी घेऊन तिच्यापुढे बसली. गोदाबाईही दारात येऊन उभी राहिली. माणिकबाईनं लावलं की आपणही घरी जाऊन सुनेच्या डोक्यावर तेल घालणार, हे तिनं बोलून दाखवलं. पाडवा तोंडावर आला होता. पोरीची टाळू आत्ता कुठे भरून येत होती, त्यावर तेल पडलं असतं तर सगळं परत पहिल्यापासून, आणि मनकर्णेची गाडी माहेराला. माणिकबाईनं वाटी घेतली, सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लोटलं. काही वेळानं ती मागच्या दारानं घाण्याकडे गेली नि परत आली, तेव्हा केस तसेच कोरडे होते. गावाला मात्र वेगळंच दिसलं. घाण्याच्या बैलाचं एक शिंग तेलानं चकाकत होतं. नवरा मरणाच्या दारात आणि ही बैल सजवते, असंही बोलून झालं. लोकांच्या जिभेला हाड नसतं.

चंद्रभान उठला. हळूहळू उठला, पण उठला.

पाडव्याच्या सकाळी गोदाबाईनं मनकर्णेचे केस उन्हात मोकळे केले. फणी फिरवली, मांडीवर काही पडलं नाही. टाळू स्वच्छ, कानामागे नवी कातडी.  तिनं सुनेला बरोबर घेतलं, घाण्यावर जाऊन चंद्रभानकडूनच तिळाचं तेल विकत घेतलं, आणि माणिकबाईच्या मागे बसून आपल्या हातानं तिचं डोकं माखलं. माखता माखता रडली. ओट्यावर बसलेल्या चंद्रभाननं विचारलं, अकोल्याच्या तेलाचं काय झालं. दिव्यात घातलं, असं गोदाबाई म्हणाली.

सासू निघाल्यावर मनकर्णा मागे रेंगाळली. मनात होतं ते तिनं विचारलं. मावशी, काकांचं काही बरंवाईट झालं असतं तर? तुम्हाला भीती नाही वाटली?

 माणिकबाई म्हणाली, “वाटली न वं. त्या दिवशी मी बोटं बुडवले होते वाटीत. डोक्यापावतर नेले. तवा तुह्ये ते लाल नखं आठवले. मंग उठली, आन् बैलाच्या शिंगाले पुसून टाकले.”