नावे पडद्यावर असताना

भुताच्या सिनेमात भूत उशिरा येते. भीती मात्र सुरुवातीच्या नावांबरोबरच येते. तालुक्याच्या गावातल्या एका थिएटरात, दुपारच्या खेळाला, हे नीट पाहता आले. काळ्या पडद्यावर एकेक नाव उमटत होते, अक्षरे थरथरत होती आणि पुरती वाचून होण्याआधीच विरत होती. मागे कुठेतरी दार करकरत होते. अर्धवट वाचलेल्या नावाने माणूस अस्वस्थ होतो आणि पुढच्या नावासाठी डोळे ताणून बसतो. घाबरण्याची तयारी अशी होते.

शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी चष्मा दोनदा पुसला. "ती करकर माझ्या मुलाने केलीय," त्या म्हणाल्या. "आवाजाचं काम करतो तो. पहिल्यांदाच नाव लागलंय."

उशिरा आलेले चौघे नेमके तेव्हाच पुढच्या रांगेत शिरले. डोअरकीपरच्या टॉर्चच्या उजेडात ते उभ्यानेच खुर्च्या शोधत राहिले.

"अहो, बसा की खाली!" बाई ओरडल्या.

ते बसले तेव्हा आवाजवाल्यांची नावे होऊन गेली होती.

पुढे भूत आले, लोक किंचाळले. बाईंनी चष्मा काढून ठेवला होता. त्यांना ज्याची धास्ती होती ते आधीच घडून गेले होते.

मध्यंतरात त्यांनी डोअरकीपरला गाठले. त्याने सगळे ऐकून घेतले.

"पुढच्या खेळाला या, मावशी," तो म्हणाला. "नावं संपेपर्यंत दार लावून ठेवतो. बोंबलू देत बाहेर."