दवाखान्यातली श्रमनिद्रा

आई भवानीनं माझ्याकडं पाठ फिरवली, असं मला आयुष्यात एकदाच वाटलं, आणि तेही माझ्याच शहाणपणामुळं. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावच्या शेतकी सोसायटीची विहीर आटली. मी चेअरमन. काठावर उभं राहून हुकूम सोडायचे, तर धोतर खोचून स्वतःच गाळ काढायला उतरलो, कारण वरून गाव बघत होतं. काठाचा दगड सुटला तो थेट मांडीवर. हाड मोडलं, मांस चेचलं.

उमरग्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाय वाचवला. पण ताप उतरेना. ते म्हणाले, “एवढा मार बसला की शरीराची रोगाशी झुंजायची ताकदच ढासळते. आता साधा खोकलाही जिवावर बेतेल. कुणाला आत घेऊ नका.” मी मान डोलावली आणि त्यांची पाठ वळताच सगळ्यांना आत बोलावलं. अहो, ट्रक भरून माणसं आली होती माझ्यासाठी! कुणी खोकत होतं, कुणी जखमेत भरायला अंगारा आणला होता. ताप एवढा चढला की बायकोचा चेहराही धूसर झाला. तरी तो अंगारा भरायला मी पट्टी सोडायला निघालोच.

तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या आपल्या सुनेपाशी बसलेली एक म्हातारी, देवीची आराधीण, उठली. गळ्यात कवड्यांची माळ. ना ओळख, ना पाळख. तिनं माझं मनगट धरलं.

“चेअरमन, दसरा झाला. आई कुठं हाय आता?”

“पलंगावर. श्रमनिद्रेत,” मी पुटपुटलो.

“म्हैसासुराला मारून तीबी दमती, सिंहासन सोडून निजती. तुझं रगत तिच्यापरीस तगडं हाय व्हय? दगडाशी लढून दमलंय ते. निजू दे की, मुडद्या!”

मग ती दारातच बसली. गावाला म्हणाली, “इथंबी निद्रा चालूय. भायेरूनच हात जोडा.”

आणि माझं गाव! सभेत मला एक वाक्य पुरं करू न देणारं गाव मुकाट लिंबाखाली जाऊन बसलं. खिडकीतून ते बघताना माझी छाती त्या तापातही फुगली. डोळे मिटून म्हणालो, “आई, आता तूच बघ.” जन्मात पहिल्यांदा मी काहीच केलं नाही.

औषधं चालूच होती. कोजागिरीला देवी सिंहासनावर बसली, त्या सकाळी माझा ताप उतरला. म्हातारी सुनेला घेऊन गेलेली. तिचं गाव विचारायचंही राहिलं. ती कोण, याचा खल मी करत नाही. हात तेवढे जोडतो.

आज लंगडतो, पण ऐटीत लंगडतो. दर दसऱ्यानंतर खाटेवर आडवा होतो. बायको म्हणते, “देवी कोजागिरीला उठती. तुमी दिवाळीपत्तुर न्हाय!”

मी कूस बदलतो. उठवायची तेव्हा आईच उठवेल.