वस्तरा कुठे थांबला

त्या न्हाव्याला सगळं गाव भोंगा म्हणायचं आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. उलट दुकानाच्या पाटीवर तेच नाव घालावं, असं त्यानं एकदा बायकोला सुचवलंही होतं. बायको म्हणाली, पाटी कशाला, आवाज चौकापर्यंत जातोच आहे.

दुकान दोन खुर्च्यांचं. समोर लांब आरसा, त्याच्या एका कोपऱ्यातला पारा उडालेला. त्या बाजूच्या खुर्चीत बसलेल्याला स्वतःचा एक कान दिसत नसे, पण गावची खबर दोन्ही कानांना पुरून उरे. कुणाचं लग्न मोडलं, कोण घर विकायला निघालाय, कोणता डॉक्टर आपल्या दुखण्यासाठी गुपचूप दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, हे सगळं दाढीबरोबर मिळायचं. मात्र वडिलांनी घालून दिलेला एक नियम भोंग्यानं कधी मोडला नव्हता. तोंड खुशाल चालू दे, पण मन हललं की हात थांबव. त्यामुळे इतक्या वर्षांत त्याच्या हातून कुणाच्या गालावर साधा ओरखडाही उठला नव्हता.

त्याची थोरली बहीण चार घरं पलीकडे इस्त्रीचं काम करायची. तिला तोही ताई म्हणायचा आणि त्याची गिऱ्हाइकंही. ती भाड्यानं राहत होती ती इमारत नगरपालिकेनं धोकादायक ठरवली. पाडणार, हे नक्की झालं. तिथल्या भाडेकरूंना नव्यानं बांधायच्या परवडणाऱ्या घरांत पहिला हक्क होता, पण ती घरं कुठे बांधायची हे ठरायचं होतं. जागा जवळ मिळाली तर ताईचं घरही राहणार होतं आणि धंदाही. नाहीतर घरं जाणार होती गावाबाहेरच्या माळावर. तिथे इस्त्रीचे कपडे घेऊन कोण येणार? मग मुलाकडे जाऊन सुनेच्या राज्यात राहायचं. सून वाईट नव्हती. ती कपडे इस्त्री न करता घालायची, एवढंच. पण ताईच्या लेखी तेवढं पुरेसं होतं.

अशात नगरपालिकेनं घरांसाठी सल्लागार समिती नेमायचं ठरवलं. मानधन नाही, सामान्य नागरिकांनी यावं, असं आवाहन होतं. ताईनं भावाला बोलावून घेतलं. "तुझी जीभ नाहीतरी फुकटच चालते," ती म्हणाली. "एकदा माझ्या कामाला लाव."

समितीची बैठक नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर भरायची. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. निम्मं गाव त्यांच्या हातचा मार खाऊन मोठं झालेलं, त्यामुळे त्यांना सगळे नुसतं बाई म्हणायचे. पहिल्याच बैठकीत भोंग्यानं उभं राहून ताईची इमारत, ताईचा मुलगा, सून आणि तिचे चुरगळलेले कपडे, सगळं काही सांगून टाकलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि सांगितलं की बहिणीचा संबंध आहे, तेव्हा जागेच्या निवडीत त्यानं हात वर करायचा नाही.

पुढच्या बैठकीत बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याची जागा पसंत झाली. ताईच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. भोंगा टाळी वाजवणार होता, तेवढ्यात बाईंनी डोळे वटारले. मालकाची सही व्हायची होती. त्याआधी नाव फुटलं तर दलाल मालकाला गाठणार, मालकाचा भाव चढणार आणि नगरपालिका माळावर जाणार.

"म्हणजे मी मत द्यायचं नाही आणि बोलायचंही नाही?"

"एवढंच काम आहे तुम्हाला," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात फक्त वस्तऱ्याचा आवाज येऊ लागला. गिऱ्हाइकं धास्तावली. एकानं घशाच्या गोळ्या आणून दिल्या. दुसऱ्यानं त्याच्या बायकोला गाठून घरी काही बिनसलंय का, विचारलं. लग्नानंतर पहिल्यांदाच शांतता लाभलीय, तेवढी मोडू नका, असं ती म्हणाली.

आणि मग आला जमिनींचा दलाल. हा माणूस हसत हसत विचारायचा आणि हसत हसत विकायचा. खुर्चीत बसला, मान मागे टाकली आणि गालाला फेस लागल्यावर म्हणाला, "तू बोलू नकोस. मी बोलतो. तू आपली दाढी कर."

बस डेपोची मागची बाजू, तो म्हणाला. वस्तरा चालत राहिला. टेकडीचा पायथा. चालत राहिला. बंद पडलेलं थिएटर. वस्तरा कानाखालून सुरेख खाली उतरला. बर्फाचा कारखाना.

वस्तरा गालाच्या मधोमध थांबला.

मन हललं होतं, हात थांबला. वडिलांची शिकवण ती. दलालानं पोटभर जेवलेल्या माणसासारखे डोळे मिटून घेतले आणि उरलेली दाढी निवांत करून घेतली.

तो गेला आणि पाठोपाठ इस्त्री केलेले टॉवेल घेऊन ताई आली. भावाचा चेहरा बघून तिनं टॉवेल खाली ठेवले.

"काय झालं? कापलंस की काय कुणाला?"

"तुलाच कापलं, ताई."

त्यानं झालेलं सांगितलं, फक्त जागेचं नाव तेवढं घेतलं नाही. ताई रिकाम्या खुर्चीत बसली. आधी तिनं भावाचा यथेच्छ उद्धार केला, मग वडिलांचा, मग वस्तऱ्याचा. सगळं बोलून झाल्यावर तिचं डोकं चालू लागलं.

"तो दलाल आहे," ती म्हणाली. "चौघांकडून खात्री केल्याशिवाय सख्ख्या बापावर विश्वास ठेवायचा नाही. तू आता सगळ्यांच्या गालावर थांब."

"कुठल्या नावाला?"

"कुठल्याही. बर्फाचा कारखाना सोडून."

भोंग्याच्या हातातला कंगवा तिथल्या तिथे थांबला. ताईनं कपाळावर हात मारला. "अरे देवा. मी सहज म्हटलं रे."

दलालानं तोवर आपली युक्ती चार जणांना ऐकवली होतीच. जो तो दाढीला येऊ लागला आणि एकेका जागेचं नाव घेऊ लागला. पोस्टमननं डेपो म्हटलं, वस्तरा थांबला. शिंप्यानं टेकडी म्हटलं, थांबला. एकानं गमतीनं स्मशानाचं नाव घेतलं, तर तिथेही थांबला. आठवडा संपायच्या आत टेकडीवाल्यांनी घरं रंगवायला काढली. डेपोमागच्यांनी निषेधाची सभा घेतली. थिएटरचा पहारेकरी झोपायला दुसरी जागा शोधू लागला.

दलाल पुन्हा आला. या खेपेला हसला नाही. सगळी नावं त्यानं पहिल्यापासून घेतली. वस्तरा डेपोला थांबला, टेकडीला थांबला, थिएटरला थांबला. कारखान्याला मात्र तो लोण्यातून फिरल्यासारखा गेला. त्या एका क्षणासाठी भोंग्यानं दात इतके आवळले होते की संध्याकाळपर्यंत त्याची दाढ दुखत होती.

"हात कापतोय की काय रे तुझा?"

"वय झालं, शेठ."

दलाल अर्ध्या गालावरचा वाळलेला फेस स्वतःच पुसून उठला आणि डेपोकडे गेला. तिथे निषेधाची सभा झाली होती, म्हणजे तिथेच काहीतरी असणार, असा त्याचा हिशेब. इकडे कारखान्याच्या मालकाच्या कानावर गावातल्या सगळ्या जागांची नावं आली, फक्त स्वतःची आली नाही. नगरपालिकेचं मन बदललं असं समजून तो घाईघाईनं गेला आणि ठरलेल्या भावाला सही करून मोकळा झाला.

पुढच्या बैठकीत बाईंनी एक अर्ज वाचून दाखवला. स्मशानाशेजारच्या फुलवाल्यानं विचारलं होतं, इथे जिवंत माणसं आणून वसवली तर आमच्या धंद्याचं काय? बाईंनी चष्म्यावरून भोंग्याकडे पाहिलं.

"तुम्ही कुठे काही बोललात?"

"एक शब्द नाही, बाई."

"तेच मी ऐकतेय गावात," बाई म्हणाल्या आणि अर्ज बाजूला ठेवला.

ताईला तळमजल्यावरचं घर मिळालं. इस्त्रीचं टेबल खिडकीशी लागलं. सून पहिल्यांदा बघायला आली, ती येताना साडी इस्त्रीला घेऊनच. ताईनं ती उलटीसुलटी बघितली आणि काही बोलली नाही. तिच्याकडून एवढं म्हणजे कौतुकच.

आता घरांचा दुसरा टप्पा निघालाय आणि बाईंनी भोंग्याला पुन्हा विचारलंय. ताईला विचारून सांगतो, असं तो म्हणाला.

"जा की," ताई म्हणाली. "पण जागेची सही होईपर्यंत दाढ्या बंद ठेव, नुसते केस काप. कात्री थांबली तर माणसाला वाटतं, न्हावी टक्कल बघतोय. नावं घ्यायचं भान कुणाला राहतंय?"