शकुनताईंचं उत्तर

सकाळी विचारावं, "ताई, चहात साखर किती?" आणि संध्याकाळी भाजीला फोडणी देताना मागून आवाज यावा, "दीड चमचा." माझ्या थोरल्या नणंदबाई, शकुनताई, अशाच बोलायच्या. स्किझोफ्रेनियात काहींचं बोलणं असं मागे पडतं म्हणतात. मला एवढंच कळलं होतं की त्यांच्या डोक्यात प्रश्न रांगेत उभे राहतात आणि कुणाचाही नंबर चुकत नाही. घाई केली की म्हणायच्या, "थांब नं वं, येऊन राहिलं."

मी तापट बाई, थांबणं मला कुठलं जमायला! एका सकाळी त्यांनी गॅसचं बटण उघडंच ठेवलं. मनीषनगरच्या आमच्या दोन खोल्यांत वास भरला आणि माझं डोकंच फिरलं. ओरडले, "ताई, तुमी माहं घर सोडून जात काहून नाही कुठं?" त्यांनी जाऊन खिडकी उघडली.

दुपारी मोठे दीर धरमपेठेतून गाडी घेऊन आले. बहिणीला कायमचं दवाखान्यात ठेवायचं त्यांनी ठरवलंच होतं. माझे यजमान मूग गिळून बसले. दवाखान्यात पोचलो तर डॉक्टर नवे होते. त्यांनी भराभर विचारलं, नाव काय, आज वार कोणता, वॉर्डात राहायला जाल का. शकुनताई बऱ्याच वेळाने माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जाईन वं. तू म्हन फक्त."

दिरांनी सुस्कारा सोडला. डॉक्टरांनी पेन उचललं. ते उत्तर डॉक्टरांना नव्हतंच, माझ्या सकाळच्या प्रश्नाला होतं. गप्प बसले असते तर घर मोकळं झालं असतं, आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर बसलेही. मग सगळ्यांसमोर सकाळचं सांगून टाकलं. म्हटलं, लिहू नका, तुमचे तीन प्रश्न अजून रांगेत आहेत.

डॉक्टर भले, थांबले. अर्ध्या तासाने, "शकुन." मग, "बुधवार." दीर सारखे घड्याळ बघत होते. त्यानंतर कितीतरी वेळ काहीच नाही.

"नाही," शकुनताई म्हणाल्या, आणि चपला शोधू लागल्या.

पुढे सहा वर्षं त्या माझ्याकडेच होत्या. शेवटच्या आजारपणात एकदा त्यांचे केस विंचरता विंचरता मी विचारलं, "ताई, त्या दिवशीचं माफ केलं का मले?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. अजूनही भाजीला फोडणी देताना मी जरा थांबते.