डोंगरापलीकडचा चीन

डॉक्टरांनी एक्स-रेचा काळा कागद खिडकीकडे धरला आणि आधी माझ्या मांडीवरच्या सुमीकडे बघितलं. मग मालकांना म्हणाले, "मुलीला तुमच्याकडे घ्या." आजाराचं नाव त्यांनी नंतर सांगितलं. ट्यूबरक्युलोसिस, म्हणजे क्षय. थुंकीची तपासणी पॉझिटिव्ह आली होती, म्हणजे माझ्या खोकल्यातून जंतू बाहेर पडत होते आणि जवळ येईल त्याला लागू शकत होते. सुमी अजून अंगावर पीत होती.

आमचं गाव साताऱ्याकडचं, माणातलं. मालक वणीजवळच्या राजूरच्या कोळशाच्या खाणीत लागले म्हणून मी इकडे आले. चौथीतच शाळा सुटलेली. मला ठेवून घेतलं त्या यवतमाळच्या दवाखान्यात माझं म्हणावं असं कोणी नव्हतं. सुमीला खाणीच्या चाळीतल्या शेजारणीने ठेवून घेतलं. तिचे उपकार मी कशाने फेडू, मला कळत नाही.

ज्यांना हा आजार नुकताच कळलाय त्यांना सांगते, सुया सोसवतात. स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन जंतू मारतं, पण कानात गुणगुण सुरू होते. पास नावाच्या गोळ्यांनी मळमळतं. त्याचीही सवय होते. सोसत नाही ते पडून राहणं. डॉक्टर त्याला बेड रेस्ट म्हणत. व्हरांड्यात आम्हा बायकांच्या खाटा ओळीने, आणि रस्त्यावरून गाडी गेली की मला वाटायचं, ही वणीकडे चालली असेल का.

शेजारच्या खाटेवर कळंबच्या शाळेतल्या मेश्रामबाई होत्या. उशाशी बुद्धाची छोटी तसबीर. खोकला जरा दबला की त्या आम्हाला गोष्टी सांगत. एका जुन्या पुस्तकात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या कैद्यांबद्दल वाचलं होतं. आपल्या लोकांना अंदमानला धाडत, तसं त्याच्याही आधी इंग्रज आपल्याच गोरगरिबांना तिकडे धाडत. कोणी कापडाचा तुकडा चोरलेला, कोणी पाव. महिनोन्‌महिने जहाजाच्या पोटात. उतरल्यावर पायात बेड्या, झाडं तोडायची, दगड फोडायचे, चुकलं की पाठीवर चाबूक. बायका कपडे धुवायच्या, सूत कातायच्या. नीट वागलं तर परवाना मिळे, आपलं आपण कमावून खाता येई, पण हद्द सोडायची नाही. शिक्षा संपली तरी परतीच्या जहाजाचं भाडं बहुतेकांकडे नसे.

"आन् त्यायची लेकरं?" पलीकडच्या खाटेवरच्या शेवंताने विचारलं. ती पांढरकवड्याकडची.

"अंगावरचं लेकरू काही जणी संगं नेत. बाकीच्यांची घरीच राह्यली."

मी उठून व्हरांड्याच्या टोकाला गेले. परत आले. पुन्हा गेले. नर्सबाई रागावल्या.

पुढे ताप उतरला. वजन वाढलं, भूक लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, "जंतू दमलेत, मेले नाहीत. कोर्स पुरा करायचा, म्हणजे थुंकी साफ आली तरी वर्षभर औषध चालू." मी फक्त ताप उतरल्याचं ऐकलं. त्या रविवारी मालक आले. सुमी आता शेजारणीलाच आई म्हणते, असं त्यांनी हसत सांगितलं. मला बरं वाटावं म्हणूनच सांगितलं असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी नर्सबाई जेवायला गेल्यावर मी लुगड्याचं गाठोडं बांधलं.

"कुठी चालली वं?" मेश्रामबाईंनी विचारलं.

"राजूरला. पोरीला बघून येते."

"वापस येतं का जातंच?"

मी गाठोड्याची गाठ आवळली.

"गाडीले टाइम हाय. एवढं ऐकून जाय. त्या कैद्यायमधी एक गोष्ट पसरली होती. डोंगर ओलांडला का पलीकडं चीन हाय, पायी पोचता येते."

ते चीनच्या लढाईचं साल. शेवंता फिसकन हसली. "मुडद्यायले दुसरा मुलूख नाई भेटला?"

बाईही हसल्या आणि खोकल्याने वाकल्या. दम आल्यावर म्हणाल्या, "डोंगरामागं नुसतं रान. कितीक जण गेले. कोनाची हाडं सापडली, कोनी उपाशी, अर्धमेले वापस आले. सांगत होते का तिकडं काही नाई. तरी दुसरे निघतच होते."

"का पण?"

"त्यायले वाटे, हा वाट चुकला असंन. आपण नाई चुकत."

"बाई, मी कैदी नाही. माझं अंग आता बरं आहे, मला कळतं."

"माह्यंबी बरं होतं."

हे मला नवीन नव्हतं. ताप उतरल्यावर, शाळेतल्या पोरी वाट बघतात म्हणून त्या औषध सोडून कळंबला गेल्या होत्या. थोड्याच महिन्यांत परत आल्या, त्या रक्ताची गुळणी घेऊन. आता रेझिस्टन्स आला होता, म्हणजे जंतू औषधाला दाद देत नव्हते. सगळ्या वॉर्डाला ते ठाऊक होतं. मला वाटायचं, बाई मुळातच नाजूक, त्यांचा आजार वेगळा, माझा वेगळा. म्हणजे मीही म्हणतच होते की हा वाट चुकला असेल.

"तो चीन मी पाहून आली," बाई म्हणाल्या. "तू जाय. लेकराले जवळ घेशीन, तवा तोंडाले पदर लावशीन ना? किती दिवस लावशीन?"

मी गाठोडं मांडीवर घेऊन खाटेच्या कडेवर बसले. गाडीची वेळ टळून गेली तरी गाठ सोडवेना. शेवंताने ती सोडली, लुगडं झटकलं आणि माझ्याच अंगावर टाकलं.

उन्हाळ्यात मेश्रामबाई गेल्या. त्यांच्या गावची माणसं येऊन त्यांना घेऊन गेली. त्यांचे आभार मानायचे राहून गेले, ते इथे मानते. जो कोणी हे वाचत असेल आणि ज्याचा ताप उतरलाय, त्याने औषध सोडू नये. एवढ्याचसाठी मी लिहायला बसले, नाहीतर मला लिहायची सवय नाही.

पावसाळा सरता थुंकी निगेटिव्ह आली. पुन्हा तपासली, पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या घरी घ्या. आता मुलीला जवळ घेतलं तरी चालेल."

चाळीत पोचले तर सुमी शेजारणीच्या मागे लपली. शेजारीण तिला पुढे ढकलत होती, मीच नको म्हणाले. उंबऱ्यात बसून राहिले. दिवेलागणीच्या सुमाराला ती आपणहून आली आणि बोट लावून माझे ओठ, नाक, गाल चाचपून बघायला लागली. कोणी जवळ आलं की तोंड फिरवायची दवाखान्यातली सवय, माझी मान आपोआप वळत होती. मी मान धरून ठेवली आणि तिला बघू दिलं.