नवमीचं कुंकू

सोफ्यामागच्या भिंतीसाठी सुनेनं शिवाजीनगरच्या एका दुकानातून चित्र आणलं. कुणा मोठ्या चित्रकाराच्या चित्रावरून ॲक्रिलिक रंगांत हातानं केलेली नक्कल. करडे, तपकिरी पट्टे आणि मधे एक काळसर गोळा. सून पुण्याची, कॉम्प्युटरवर काम करते. मी बराच वेळ बघत राहिले तशी ती हसली. "आई, त्यात काही शोधायचं नसतं. ॲब्स्ट्रॅक्ट आहे ते!"

"सरी," मी म्हटलं, म्हणजे बरं.

पण मला दिसलं होतं. तो गोळा म्हणजे चुलीपुढे वाकून बसलेली बाई होती. डावा खांदा उतरलेला, डोक्यावर पदर. माझी आई अशीच बसायची. मी चौथीत असताना ती गेली आणि माझी शाळाही तिथंच संपली. तिला नेलं तेव्हा शेजारणींनी मला दाराआड धरून ठेवलं होतं. तिचा एकही फोटो नाही. खांदा आठवतो, चेहरा आठवत नाही. चित्रातल्या बाईलाही चेहरा नव्हता. पदराखाली नुसता फिकट डाग.

पितृपक्षातली अविधवा नवमी आली. आई सवाष्ण गेली, म्हणून त्या दिवशी मी तिचं पान वाढते आणि सुपारी मांडून तिलाच हळदकुंकू वाहते. यंदा घरात कुणी नव्हतं. सुपारीकडे जाणारं बोट चित्राकडे वळलं. फिकट डागाच्या वरच्या कडेला मी कुंकू टेकवलं. मग घाबरून पुसायला गेले, तर ते रंगाच्या खरबरीत थरात जाऊन बसलेलं. निघेना.

सुनेला ठिपका दिसला नाही. तिला दिसली ती वाकडी झालेली चौकट. तिनं दुकानात फोन करून चित्र बदलून मागितलं. "बदलू नकोस" एवढं मला म्हणायचं होतं. दुकानाचा माणूस नवीन चित्र गुंडाळून घेऊन आला आणि जुनं काखेत मारून खाली गाडीत ठेवायला गेला. तेव्हाही मी दाराआडच उभी होते.

सुनेनं कागद सोडला. तेच पट्टे, तोच गोळा.

"अय्या, हा लाल ठिपका पहिल्यात होता?"

पावतीवर सही घ्यायला तो माणूस परत वर आला होता. तो म्हणाला, "हँडमेड आहे मॅडम. थोडाफार फरक राहणारच."

मी बोट लावून पाहिलं. ठिपका वार्निशच्या खाली होता, गुळगुळीत.

"मला नाही आवडला तो," सून म्हणाली. "परत बदलून घेऊ या का?"

"नको. राहू दे तिला."

इतक्या मोठ्यानं मी या घरात कधी बोलले नव्हते.

"कुणाला?" सुनेनं विचारलं. मी चहा ठेवायला आत गेले.

आता सगळे कामाला गेले की मी चित्रासमोर बसते. पहिल्या चित्रात ती चुलीकडे वाकलेली होती. या चित्रात परवापर्यंत तशीच होती. काल डावा खांदा किंचित वर आलेला दिसला. मान वळते आहे. कुंकू आहे, त्यामुळे डोळे कुठे येतील ते कळतं. मला तो चेहरा बघायचा आहे. जन्मभर तेवढंच हवं होतं. पण तिनं वळून पाहिलं तर तिला दहा वर्षांची पोर दिसायला हवी, आणि समोर बसलेय मी, तिच्याहून कितीतरी म्हातारी. आज मी केस विंचरून दोन वेण्या घातल्या.