फोटोत काही नाही म्हणाले

मी चौथी शिकलो, पण कुणाचा हात धरून चाललो नाही. त्या सकाळीही घाटकोपरची आमची चढण चढून दूध आणलं, पिशवी ओट्यावर ठेवली, खुर्चीत बसलो आणि चहा मागितला. शब्द तोंडातच लोळले.

बायको भाजी चिरत होती. वर न बघता म्हणाली, "अहो, आधी कवळी घाला, मग बोला."

दात नसले की मी असाच बोबडा बोलतो, म्हणून तिला तसं वाटलं. मी पुन्हा बोललो. तीही पुन्हा तेच बोलली, जरा चढ्या आवाजात.

सून डबा भरता भरता वळली. "आई, कवळी तोंडातच आहे बाबांच्या. आणि ओठ बघा, एकीकडे ओघळलाय."

दुखत काही नव्हतं. डावा हात मांडीवर पडला होता, कुणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखा. बायको घाबरली. अंगावरून वारं गेलं म्हणाली. खिडक्या लाव, पंखा बंद कर, लसणीचं तेल तापव.

"तेल राहू द्या आई, रिक्षा बघते."

हॉस्पिटलात डॉक्टरीण अगदी पोरगेली. एकच विचारत होती, "शेवटचं धड कधी बोलले?"

"दूध घेऊन आले तेव्हा," बायको म्हणाली. "दारात चपला पसरल्या म्हणून ओरडले ना माझ्यावर! शब्दन् शब्द स्पष्ट."

मग डोक्याचा स्कॅन. सगळ्यांदेखत कवळी काढायला लावली. मी तोंड मिटून घेतलं, बायकोने बोट घालून काढली. मशीन डोक्याभोवती घुमत राहिलं. भीती वाटायला हवी होती, तीही वाटली नाही.

डॉक्टरीण बाहेर येऊन म्हणाली, "फोटोत काही नाही, चांगलं आहे."

मी उजव्या हाताने दाराकडे दाखवलं. बायको म्हणाली, "काही नाही तर घरी चला म्हणतायत."

"आजी, काही नाही म्हणजे रक्तस्राव नाही. नस तुंबलीय. इतक्या लवकर ते या फोटोत उमटत नाही बऱ्याचदा, पण हात आणि तोंड सांगतंय. रक्तस्राव नाही म्हणूनच गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं. त्याने डोक्यात रक्त उतरायचा धोका आहे. पण थांबलो तर मेंदूचा तेवढा भाग जाईल. आजोबा, देऊ ना?"

मी मान हलवली. नाही.

बायको वाकली. "मग पुढे माझ्यावर ओरडणार कसे? बोबडे?"

मी उजवा हात डॉक्टरणीपुढे केला, सुई टोचायला.

संध्याकाळपर्यंत शब्द सुटे झाले. हात उचलता येतो आता, बोटं मात्र परकीच आहेत. कप धरला तर चहा गरम की गार, कळत नाही. बायको रोज ती बोटं दाबते आणि विचारते, "काही वाटतं?"

नाही म्हणतो. ती पुढचं बोट धरते.